गावात सगळेच नात्यातले असताना बाईचे गुपित कसे राखावे?

प्रश्न : मी साधारण अकराशे वस्तीच्या गावात नऊ वर्षे आशा म्हणून काम करते. गावातली निम्मी घरे आमच्या भावकीतली आहेत. निरोध, माला-एनच्या गर्भनिरोधक गोळ्या, दिवस गेलेत का ते तपासायचे निश्चय किट हे सगळे माझ्या पिशवीत असते, पण बायका माझ्याकडून घ्यायला कचरतात, कारण मी प्रत्येकीच्या सासूची कोणी ना कोणी लागते. दिवस गेले की त्या नवऱ्याला तालुक्याच्या मेडिकलमध्ये पाठवतात आणि गर्भपाताच्या गोळ्या परस्पर घेतात. मला कळते ते त्रास सुरू झाल्यावर. एका बाईने गोळ्या घेतल्याला आज अठरावा दिवस आहे, अंगावरून जायचे थांबलेले नाही, चक्कर येते म्हणते, पण पोलीस केस होईल या भीतीने दवाखान्यात येत नाही. दुसरी एकोणीस वर्षांची, लग्न न झालेली मुलगी आहे, तिची पाळी पंधरा दिवस पुढे गेली आहे आणि किटवर दोन रेघा आल्या आहेत. मी यांना मदत केली तर गुन्ह्यात सापडेन का? आमच्याकडे ट्रकवर जाणारे पुरुष पुष्कळ आहेत. त्यांच्या बायका पांढरे जाण्याची तक्रार करतात, पण घरी निरोधचे नाव काढले तर मार खातात. आणि हे सगळे मी माझ्या वहीत लिहावे का? वही घरात सगळ्यांच्या हाती लागते. (एक आशा सेविका, सोलापूर जिल्हा)

ताई,

तुमचे पत्र आले त्याच दिवशी तुम्ही दिलेल्या क्रमांकावर मी पहिल्या बाईविषयी कळवले होते, कारण ती गोष्ट सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी नव्हती. तेच इथे पुन्हा लिहिते, कारण अशी बाई तुमच्या एकट्या गावात नाही. गोळ्या घेतल्यानंतर साधारण दोन आठवडे कमी-अधिक रक्त जाते आणि काहींना पुढची पाळी येईपर्यंत थोडेथोडे डाग लागत राहतात, तेवढ्याने घाबरण्याचे कारण नसते. परंतु अठराव्या दिवशीही अंगावरून जातच आहे आणि उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, असे असेल तर गर्भपिशवीत काही भाग राहिला असण्याची आणि हिमोग्लोबिन बरेच खाली गेले असण्याची शक्यता धरून तिला त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात न्यावे. तासाला दोन मोठे पॅड भिजत आहेत आणि सलग दोन तास तसेच चालू आहे, एक दिवसाहून अधिक ताप आहे किंवा जाणाऱ्या रक्ताला घाण वास येतो, यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. आणखी एक खूण सर्व आशांनी मनात पक्की धरावी. गोळ्या घेऊनही रक्त फारसे गेले नाही, पोटात एका बाजूला तीव्र दुखते, खांद्याच्या टोकाशी कळ येते किंवा बाई भोवळ येऊन पडते, तेव्हा गर्भ पिशवीऐवजी नळीत असू शकतो. या गोळ्यांनी तो पडत नाही, नळी फुटते आणि पोटातल्या पोटात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो.

पोलिसांच्या भीतीविषयी स्पष्ट लिहिते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय परस्पर गोळ्या घेणे कायद्याच्या चौकटीत बसत नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण सज्ञान बाईने गोळ्या घेतल्या म्हणून डॉक्टरांनी पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे गर्भपाताचा कायदा कुठेही सांगत नाही आणि अर्धवट राहिलेल्या गर्भपातावर उपचार करणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे. म्हणून तिने तिथे खरे सांगावे. कोणत्या दिवशी, किती गोळ्या, किती दिवसांच्या गरोदरपणात घेतल्या, हे कळले की सोनोग्राफी कशासाठी करायची, गोळ्यांनी भागेल की पिशवी साफ करावी लागेल, हे ठरवायला वेळ लागत नाही. ती खोटे बोलली तर तोच वेळ तिच्या अंगावर जातो.

मी ग्रामीण रुग्णालयात नोकरीला असताना एक बाई सासूबरोबर आली होती आणि कंबर दुखते एवढेच सांगत होती. केसपेपरवर शिक्का राहिला आहे, तेवढा मारून आणा, म्हणून मी सासूबाईंना खिडकीवर पाठवले. त्या दाराबाहेर पडल्याबरोबर या बाईने पदराची गाठ सोडली आणि आतली घडी घातलेली गोळ्यांची रिकामी पट्टी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. बोलली काहीच नाही. खिडकीवर रांग होती, म्हणून आम्हाला सहा-सात मिनिटे मिळाली आणि तेवढी पुरली. तेव्हापासून बाई कोणत्याही तक्रारीसाठी येवो, सोबतच्या माणसाला केसपेपरच्या खिडकीवर पाठवण्याचा मी नियमच करून टाकला. तुम्ही बाईला घेऊन जाल तेव्हा हे काम तुम्ही करू शकता. सासूबाईंना घेऊन तुम्ही खिडकीवर जा आणि बाईला आत एकटी जाऊ द्या.

आता तुमच्या स्वतःच्या प्रश्नाकडे वळते. गर्भपाताचा कायदा १९७१ सालचा आहे. त्याआधी केंद्र सरकारने महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती आणि चोरून, अडाणी हातांनी केलेल्या गर्भपातांत बायका मरतात, हेच त्या समितीपुढचे दुखणे होते. तुम्ही गावात जे पाहता, त्यासाठीच हा कायदा झाला. कायद्याने मान्य केलेल्या डॉक्टरांखेरीज दुसऱ्या कोणी गर्भपात केला, तर दोन ते सात वर्षे सक्तमजुरीची शिक्षा आहे. म्हणून गोळ्या स्वतःजवळ ठेवू नका, कोणाला आणून देऊ नका आणि कितीही गळ घातली तरी आपल्या हाताने देऊ नका. याच्या अलीकडचे सारे तुमच्या कामात बसते. गर्भपात कुठे होतो, कायदा काय म्हणतो, कोणती लक्षणे धोक्याची, हे सांगणे, बाईबरोबर दवाखान्यात जाणे, नंतर चौकशी करणे, यांत गुन्हा नाही. आशांच्या प्रशिक्षणातच सुरक्षित गर्भपाताची माहिती दिलेली आहे.

या बाबतीत उरुग्वे या लहानशा देशाचा दाखला मला नेहमी आठवतो. तिथे गर्भपाताला बंदी होती आणि २००१ च्या सुमारास माँटेव्हिडिओच्या मोठ्या प्रसूती रुग्णालयात असुरक्षित गर्भपातामुळे बायका दगावत होत्या. तिथल्या डॉक्टरांनी असा मार्ग काढला की गोळ्या लिहून द्यायच्या नाहीत, पण बाई आधी आली तर तिला तपासून, किती दिवस झाले ते पाहून, धोके समजावून सांगायचे आणि ती नंतर आली तर एकही दोषाचा शब्द न बोलता उपचार करायचे. २००४ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने हीच पद्धत मान्य केली आणि २०१२ मध्ये कायदाच बदलला. हानी कमी करणे म्हणतात ते हेच. आपल्याकडे तर कायदा बाईच्या बाजूने आहे. मग आधी आणि नंतर या दोन्ही वेळी तुमचे दार उघडे आहे, एवढे तिला माहीत असले तरी पुष्कळ काम होईल. तुमच्या पत्रात एक वाक्य होते की त्रास झाल्यावर आलेल्या बाईला तुम्ही आधी चार शब्द सुनावता आणि मग मदत करता. ते काळजीपोटी असते हे मला कळते, मीही तरुणपणी तसेच करत असे. पण ते चार शब्द शेजारणीच्या कानावर जातात आणि पुढची बाई आणखी चार दिवस उशिरा येते.

तुमच्या भीतीचे आणखी एक कारण असावे. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या मोहिमांनंतर आपल्या राज्यात अनेक मेडिकलवाल्यांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच बंद केले, डॉक्टरही हात आखडू लागले आणि गर्भपात म्हणजेच गुन्हा असा समज गावोगाव पसरला. हे दोन वेगळे कायदे आहेत. गर्भाचे लिंग तपासणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तो कोणत्याही महिन्यात आणि कोणत्याही कारणाने केला तरी गुन्हाच. गर्भपात मात्र १९७१ च्या कायद्यातल्या अटींत बसणारी वैद्यकीय सेवा आहे. साधारण बारा आठवड्यांच्या आत सोनोग्राफीत लिंग खात्रीने कळत नाही, त्यामुळे सहाव्या-सातव्या आठवड्यात आलेल्या बाईकडे त्या संशयाने पाहण्याचे कारण नाही.

एकोणीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत घाई करा. दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तिची पाळी महिन्याच्या महिन्याला येत असेल आणि आता पंधरा दिवस पुढे गेली असेल, तर आजच सहा आठवडे पूर्ण झाले आहेत. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच करता येतो, म्हणजे तिच्या हातात जेमतेम वीस दिवस उरले आहेत. त्यानंतरही गर्भपात होतो, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते, पण मग तो बहुधा गोळ्यांऐवजी पिशवी साफ करून होतो आणि दवाखान्यातला मुक्कामही वाढू शकतो. लग्न झालेले नाही म्हणून तिला कोणी परत पाठवू शकत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यात नवरा या शब्दाच्या जागी जोडीदार हा शब्द आला आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीला विवाहितेइतकाच अधिकार आहे, असा निकाल दिला. संमतीच्या फॉर्मवर, ज्याला फॉर्म सी म्हणतात, तिची एकटीची सही लागते. आईवडिलांना आणा, मुलाला आणा, असे खिडकीवर कोणी म्हणाले, तर वय दाखवणारा कागद पुढे करून शांतपणे सांगा की ती अठरा वर्षांवरची आहे आणि सही तीच करणार आहे. तिचे नाव फोडणाऱ्याला याच कायद्याच्या कलम ५अ खाली एक वर्षापर्यंत तुरुंगवास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हेही माहीत असू द्या.

तिला तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात नेऊ नका. तिथला कंपाउंडर किंवा मावशी कोणीतरी गावातल्या माणसाच्या ओळखीची निघतेच. सरकारी रुग्णालयाला हद्द नसते. जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा शेजारच्या जिल्ह्यातल्या उपजिल्हा रुग्णालयात जावे, आणि शक्यतो बाजाराच्या दिवशी, म्हणजे एसटीत दोघी दिसल्या तरी कोणाच्या लक्षात राहणार नाही. एक गोष्ट मात्र तिला एकांतात, घाई न करता विचारा, की हे तिच्या मर्जीने झाले का. तिने नाही म्हटले तर पुढची वाट वेगळी आहे आणि त्यात तिला १८१ या महिलांच्या मदत क्रमांकाची गरज पडेल. मुलगी अठराच्या आतली असती तर पालकांची संमती लागली असती आणि डॉक्टरांना पोक्सो या बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली कळवावेही लागले असते, पण तशा वेळीही मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच २०२२ च्या निकालात म्हटले आहे.

ज्या बायका तुमच्याकडून साधने घेत नाहीत, त्यांच्याविषयी मला अधिक लिहायचे आहे, कारण गोळ्यांचे संकट तिथूनच सुरू होते. घरात काय दिसेल आणि कोणाला दिसेल, याचा विचार करून साधन सुचवले पाहिजे, हे आपल्याला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवले जात नाही. अंतराचे गर्भनिरोधक इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे असते, ते लपवायला सोपे वाटते. पण अंतरा घेणाऱ्या पुष्कळ जणींची पाळी काही महिन्यांनी बंद होते. ज्या घरात सून पाळीत बाहेर बसते, त्या घरात सासू दिवस मोजत असते, आणि सून दोन महिने बाहेर बसली नाही की पेढ्यांची चर्चा सुरू होते. एका सुनेने केवळ यासाठी दर महिन्याला चार दिवस खोटेच बाहेर बसून काढले, असे मी पाहिले आहे. ते तिला आधी सांगितले असते, तर तिने कदाचित दुसरे साधन निवडले असते. शिवाय इंजेक्शनचे कार्ड घरी न्यावे लागते. ते तिच्या ट्रंकेत राहण्यापेक्षा उपकेंद्रात सिस्टरांकडे राहू द्या. इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हेही आधीच सांगा, नाहीतर उशीर झाला की वांझपणाचा आळ तुमच्या माथी येईल.

तांबी बसवली की घरात लपवायला काहीच उरत नाही, आणि ती प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षे चालते. दोरा नवऱ्याला टोचला किंवा लागला, तर सिस्टर तो आखूड करून देतात. पण पहिले काही महिने पाळीला रक्त जास्त जाते, त्यामुळे जिचे रक्त आधीच कमी आहे तिला लोहाच्या गोळ्या सुरू करा आणि मगच ठरवा. छायाची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदाच घ्यायची असते, त्यात हार्मोन नसते आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ती चालते. पाळी मात्र लांबते, म्हणजे सासूचे दिवस मोजणे इथेही आलेच. साधन न वापरता संबंध आला तर बहात्तर तासांच्या आत घ्यायची गोळी तुमच्या पिशवीत असते. ती गर्भपाताची गोळी नाही, तिला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही आणि जितक्या लवकर घ्यावी तितका तिचा उपयोग जास्त. मध्यरात्री दार वाजवायला बाई धजत नसेल, तर एक गोळी आधीच तिच्याजवळ देऊन ठेवा. आणि गर्भपातानंतर पाळी यायच्या आधीच पुन्हा दिवस राहू शकतात, अगदी आठ-दहा दिवसांतही बीज सुटते, म्हणून त्याच भेटीत साधनाची गोष्ट काढा.

हे सारे तुमच्याचकडून मिळाले पाहिजे असा हट्ट मात्र धरू नका. ज्या घरात तुम्ही नात्यातल्या लागता, त्या घरातल्या सुनेला शेजारच्या गावच्या आशाताईंकडे पाठवा आणि त्यांच्या भावकीतल्या सुना तुम्ही सांभाळा. दोघींनी मिळून असे ठरवलेले मी पाहिले आहे, आणि मोबदल्याचे कागद आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना विश्वासात घेऊन मार्गी लागतात.

ट्रकवर जाणाऱ्या पुरुषांच्या बायकांना, नवऱ्याला निरोध वापरायला सांग, असे सांगणे आता थांबवा. त्या मार खात असतील तर तो सल्लाच त्यांना इजा करतो आहे. त्यांची पांढरे जाण्याची तक्रार मात्र पूर्ण गांभीर्याने घ्या. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत साडेसहाशे स्त्रियांची तपासणी केली होती आणि १९८९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. एवढे मोठे दुखणे घराघरांत असते आणि ते बोलायला लाज नाही, कारण आईलाही होते नि सासूलाही होते. म्हणून पांढरे जाण्याची तपासणी असे सांगून बाई उजळ माथ्याने दवाखान्यात जाऊ शकते आणि तिथे गेल्यावर तांबी, एचआयव्हीची तपासणी, गुप्तरोगांवर उपचार करणारे सुरक्षा क्लिनिक ही सगळी दारे तिला उघडी होतात. तपासणी मोफत आहे आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे तिच्या संमतीशिवाय ती करता येत नाही व निकालही कोणाला सांगता येत नाही. संसर्ग निघाला तर दोघांनाही औषध घ्यावे लागते आणि औषध चालू असेपर्यंत निरोध वापरा, असे डॉक्टर खरोखरच सांगतात. हे वाक्य डॉक्टरांनीच नवऱ्याला सांगावे, अशी तुम्ही त्यांना विनंती करा, म्हणजे संशयाचा प्रश्न बायकोच्या तोंडून येणार नाही.

पुरुषांपर्यंत पुरुषांनीच पोहोचावे. सांगलीत १९९२ पासून मीना सेशू आणि संग्राम संस्थेने वेश्यावस्तीत काम सुरू केले, तेव्हा निरोध वाटण्याचे काम वस्तीतल्या स्त्रियांनीच हाती घेतले आणि पुढे १९९६ मध्ये त्यांचा स्वतःचा संघ, व्हॅम्प, उभा राहिला. बाहेरून आलेल्या माणसाला गिऱ्हाईक ज्या गोष्टीवरून हसले असते, ती गोष्ट त्याच धंद्यातल्या बाईने सांगितल्यावर ऐकली गेली. तुमच्या गावातही एखादा जुना, वडीलधारा ड्रायव्हर असेल ज्याचे ही मुले ऐकतात. त्याच्याशी तुमचे यजमान किंवा आरोग्यसेवक बोलू शकतील. निरोधचा खोका ग्रामपंचायतीच्या टेबलावरून हलवा, तिथे तो सहा महिने न फोडता पडून राहतो. तो न्हाव्याच्या दुकानात आरशाखालच्या फळीवर ठेवा, तिथून माणूस कोणाला न विचारता उचलतो. याने पोरे बिघडतात अशी तक्रार कोणी केलीच, तर एचआयव्ही कायद्याच्या कलम २२ मध्ये संसर्गाचा धोका कमी करणाऱ्या अशा कामाला संरक्षण दिलेले आहे, हे सरपंचांना दाखवता येईल.

राहिली तुमची वही. सरकारी नोंदवहीत जे रकाने आहेत तेवढेच भरा आणि ती वही घरी न आणता उपकेंद्राच्या कपाटात ठेवता येते का, ते सिस्टरांना विचारा. स्वतःच्या वहीत गर्भपात हा शब्द आणि बाईचे नाव कधीही एका पानावर येऊ देऊ नका. पुढच्या भेटीची तारीख आणि तुम्हालाच कळेल अशी एक खूण पुरे, मग ती खूण तिच्या दारातल्या झाडाची असो की म्हशीच्या रंगाची. आतापर्यंत जी नावे लिहिली आहेत ती पाने फाडून आजच चुलीत घाला. अठराव्या दिवशीच्या बाईचे पान असेल तर आधी त्यातली गोळ्यांची तारीख वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून घ्या, तपासणीत डॉक्टर ती विचारतील.